एक्सपीचा तक्ता नसलेले दिवस: ठाणे-नवी मुंबईतले जुने डी अँड डी वाले, हजेरी लावा

अर्धवट_जादूगार

आधीच सांगतो, हा धागा कॉम्प्युटर गेमबद्दल नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्स, कॉल ऑफ क्थुलू, ट्रॅव्हलर असे टेबलाभोवती बसून खेळायचे जे रोल-प्लेइंग गेम असतात, त्यांच्याबद्दल आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चार-पाच जण एकेक पात्र घेतात, एक जण डीएम (डंजन मास्टर) होतो. समोर काय आहे ते डीएम सांगतो, आपण काय करतो ते बाकीचे सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. बोर्ड नसला तरी चालतं. जिंकणं-हरणं नाही.

निमित्त असं की ऑफिसातली नवी पोरं हल्ली हे खेळतात. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या एडिशनपासून? मी म्हटलं, तिसरी, पण अर्धीच. अर्धी म्हणजे काय हे सांगता सांगता जेवणाची सुट्टी संपली, म्हणून उरलेलं इथे.

२००० साली तिसरी आवृत्ती आली, तेव्हा डी अँड डी काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने ओपन गेम लायसन्स (इतरांना नियम वापरायची मुभा) काढलं आणि नियमांचा मोठा भाग, म्हणजे एसआरडी, इंटरनेटवर फुकट ठेवला. छापील पुस्तक ठाण्यात आम्हाला कुठे दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी डॉलरचा भाव आमच्या खिशाला झेपला नसता. सायबर कॅफे मात्र होते. राम मारुती रोडच्या एका गल्लीतल्या कॅफेतून आम्ही तो एसआरडी हप्त्याहप्त्याने प्रिंट केला आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल मारून घेतला.

मेख अशी, की त्या फुकट नियमांत काही गोष्टी मुद्दाम ठेवल्या नव्हत्या. पात्राचे स्ट्रेंथ, विजडम वगैरे आकडे कसे काढायचे ते नाही. किती एक्सपीला (अनुभवाच्या गुणांना) कुठली लेव्हल, तो तक्ता नाही. हवं असेल तर पुस्तक विकत घ्या, सरळ हिशोब. शिवाय काही राक्षस कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेले. मध्ये एक भलामोठा डोळा आणि डोक्यावर देठांना लटकलेले आणखी दहा, तो बिहोल्डर त्यातलाच.

मग लेव्हल वाढवायची कधी? यावर आमच्याकडे रीतसर भांडण झालं आणि ठरलं: गणपती, दिवाळी आणि परीक्षेचा निकाल. या तीन मुहूर्तांना सगळ्यांची एकेक लेव्हल वाढणार. पुढे पोटनियम आला, की ज्याला केटी लागली (विषय राहिला) त्याची लेव्हल ती सुटेपर्यंत अडकणार. आमचा क्लेरिक, म्हणजे पार्टीतला पुजारी, इंजिनिअरिंगला. पार्टी दहाव्या लेव्हलला पोचली तेव्हा हा सातवीत. मेलेल्याला उठवायचा मंत्र क्लेरिकला नवव्या लेव्हलला मिळतो. त्यामुळे त्याची एम-थ्री (इंजिनिअरिंगचं तिसरं गणित) सुटेपर्यंत कोणी मरायचं नाही असं आम्ही आपापसांत ठरवून टाकलं, आणि खरंच सगळे फार जपून खेळू लागले. बिहोल्डर डीएमने स्वतःच रचला. त्याच्या एकेका डोळ्यात एकेका प्राध्यापकांची नजर घातली होती. एका डोळ्याने बघितलं की सबमिशन आठवून पात्र जागच्या जागी थिजायचं.

पुढे खरं पुस्तक हातात आलं, तक्ता मिळाला, आणि खेळ थोडा फिका झाला. माझं मत आता पक्कं झालंय: या खेळातलं आम्हाला जे अजून आठवतं ते बहुतेक सगळं पुस्तकात नसलेलंच आहे. तुमच्याकडे काय नव्हतं आणि तुम्ही काय जुळवलंत ते लिहा. ठाणे, कळवा, ऐरोली ते बेलापूर, सगळे चालतील. डोंबिवलीकरांना व्हिसा ऑन अरायव्हल.

निवांत

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

वीस_पैकी_एक

दादा, अशक्य हसलो केटीवर. मी पाचव्या आवृत्तीवाला, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकलो. गंमत म्हणजे आमच्याकडे पण बरेच डीएम एक्सपी मोजत नाहीत. गोष्टीतला टप्पा पार पडला की सगळ्यांची लेव्हल वाढते, माइलस्टोन म्हणतात. तुम्ही ते मुंबई विद्यापीठाच्या निकालावर चालवलंत.

एक विचारतो, फासे कुठून आणायचात? आम्हाला सात फाशांचा सेट घरपोच मिळतो.

थॅको

तिसऱ्या आवृत्तीला जुनं म्हणणाऱ्यांनी जरा हळू.

आमच्याकडे १९८३ चा लाल डबा होता. मित्राचे मामा बोटीवर. बोर्ड गेम समजून त्यांनी भाच्यासाठी आणला. उघडून बघतात तर आत बोर्डच नाही! मामांची खात्री झाली की दुकानदाराने गंडवलं. आत दोन पुस्तिका, फासे आणि एक मेणाचा खडू. आकडे फाशांवर नुसते कोरलेले असायचे, रंग आपण खडूने भरायचा. वर्तकनगरला आम्ही तो डबा कॉलेज संपेपर्यंत खेळलो. वीस बाजूंच्या फाशाच्या कडा झिजून तो इतका गोल झाला होता की टाकला की थांबायचाच नाही, टेबलाला चहूबाजूंनी वह्यांची भिंत लावावी लागायची. चार बाजूंचा फासा घरातल्या प्रत्येकाच्या टाचेत एकदा तरी रुतलाय.

नंतर १९८९ ची दुसरी आवृत्ती. माझा आयडी तिथला. तिच्यात चिलखत जितकं भारी तितका एसीचा (आर्मर क्लासचा) आकडा लहान. तुमचा थॅको (एसी शून्य असलेल्याला लागायला हवा तो आकडा) १७ आणि समोरच्याचा एसी ३, तर वीसच्या फाशावर १४ हवेत. एसी उणे दोन असेल तर १९. ऋण संख्यांची वजाबाकी शाळेत माझ्याइतकी जलद कोणी करत नव्हतं.

आणि वीस_पैकी_एक, फासे नसण्यात कमीपणा नाही. १९७९ च्या सुमारास खुद्द टीएसआरलाच (डी अँड डीची तेव्हाची कंपनी) फासे कमी पडले होते. तेव्हा त्यांनी बेसिक सेटच्या डब्यात आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या घालून दिल्या. कापा, कपात टाका, उचला.

अर्धवट_जादूगार

@थॅको, चकत्यांचं माहीत नव्हतं, आणि वाचून फार बरं वाटलं, कारण आम्ही अगदी तेच करत होतो.

आमच्याकडे हौजीची पिशवी होती. त्यातली १ ते २० टोकनं वेगळी काढली, झाला वीसचा फासा. टोकन काढल्यावर परत पिशवीत टाकायला हवं, पण दर वेळी टाका, हलवा, काढा, याचा कंटाळा यायचा. म्हणून नियम झाला की पिशवी रिकामी होईपर्यंत परत टाकायचं नाही. डीएमसुद्धा त्याच पिशवीतून काढणार.

या एका आळसाने सगळा खेळ बदलला. कुठले आकडे येऊन गेले ते एक जण शीटच्या मागे लिहून ठेवायचा. २० अजून आत आहे म्हटलं की सगळे शूर. २० गेला की पार्टीला एकदम घरची आठवण यायची. शेवटची चार टोकनं उरली आणि त्यात २० आहे हे कळलं, की पुढच्या खोलीचं दार उघडायला चढाओढ.

आता येऊरचा ड्रॅगन. (आमचा ड्रॅगन येऊरच्या डोंगरात राहायचा, उपवनच्या बाजूने वर चढायचं.) ऐन लढाईत पिशवीत एकच टोकन उरलं, आणि वहीत बघितलं तर ते १. पाळी फायटरची. १ म्हणजे वार हमखास चुकणार. फायटर म्हणाला, मी तलवार खाली ठेवतो. का? तर असंच, याच्याशी बोलून बघू. डीएम म्हणाला, मन वळवायचं तर डिप्लोमसीचा रोल लागेल. आम्ही म्हटलं, मन नाही वळवत, नुसती विचारपूस. तब्येत कशी आहे? पावसाळ्यात गुहेत गळतं का? ठाण्यात इमारती वर चढल्यात, त्याचा त्रास होतो का? रोल लागेल असं एकही वाक्य कोणी उच्चारलं नाही. डीएमला सगळं कळत होतं, पण आमच्या नियमात बोलण्याला बंदी नव्हती. तोही ड्रॅगन होऊन उत्तरं देत बसला. अख्ख्या कॅम्पेनमध्ये इतकं छान बोलणं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. शेवटी ड्रॅगनच वैतागला, त्याने पंजा उगारला, आणि पिशवीत हात घालावा लागला डीएमला. निघाला १! पिशवी रिकामी, वीसच्या वीस टोकनं परत आत, आणि मग आम्ही तुटून पडलो.

गणितमास्तर

व्वा! हे वाचून राहवेना म्हणून लॉगिन केलं.

खऱ्या फाशावर दर वेळी २० पडायची शक्यता ५ टक्के. वीस वेळा टाकला तरी एकदाही २० न पडण्याची शक्यता जवळजवळ ३६ टक्के असते, म्हणजे हे काही नवल नाही. तुमच्या पिशवीत ती शून्य. वीस वेळांत २० एकदा येणारच, आणि १ सुद्धा येणारच. सरासरी दोन्हीकडे तीच, १०.५. पण फाशाला मागचं काही आठवत नाही आणि पिशवीला सगळं आठवतं. तुम्ही नकळत पत्ते मोजायचा खेळ करून टाकलात.

ज्यांच्याकडे हौजी नव्हती आणि साधा लुडोचा फासाच होता, त्यांनी काय करावं? दोनदा टाका. पहिल्यांदा ६ आला तर पुन्हा टाका, म्हणजे १ ते ५ मिळतात. दुसऱ्यांदा ५ किंवा ६ आला तर पुन्हा टाका, म्हणजे १ ते ४. दुसऱ्यातून एक वजा करा, पाचाने गुणा, पहिला मिळवा. १ ते २० सगळे आकडे समान शक्यतेने येतात. दोन-तीन फाशांची बेरीज मात्र घेऊ नका, मधले आकडे जास्त येतात आणि टोकाचे दुर्मीळ होतात. तीन फाशांवर १८ यायची शक्यता २१६ मध्ये एक.

वीस_पैकी_एक

मास्तर, एवढं करेपर्यंत गॉब्लिन म्हातारा होऊन मरेल.

शंकेखोर

सगळं वाचलं. थोडक्यात मोठ्या मुलांची भातुकली. चहाच्या जागी ड्रॅगन.

ऐरोलीची_हडळ

हो. मग?

मालवणी_खाजा

शंकेखोर, भातुकली कशाला, आमच्याकडचं दशावतारी नाटक बघा. लिहिलेली संहिता नाही. रात्री कुठलं आख्यान ते ठरतं, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभं राहून आयत्या वेळी. समोरचा काय बोलेल माहीत नाही, त्याला उत्तर द्यायचं आणि आख्यान पुढे न्यायचं. मी नेरुळला रूमवर पहिल्यांदा डी अँड डी बघितलं तेव्हा मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. फक्त आमच्या संकासुराला फासा टाकावा लागत नाही.

शंकेखोर

हे पटलं. तलवार म्यान. वाचतोय.

ऐरोलीची_हडळ

मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

चुलतभावाच्या ग्रुपने मला घेतलं नाही, "तू कंटाळशील" म्हणून. म्हणजे ते खेळत असताना पोहे नेऊन देताना मी बघितलं तेवढंच. पण बघून कळलं ना! बारावीच्या सुट्टीत कॉलनीतल्या आम्ही चौघींनी स्वतःचं सुरू केलं. ड्रॅगन-बिगन नको होते. कॉल ऑफ क्थुलू मिळाला, केओसियम कंपनीचा, १९८१ पासून चालत आलेला. त्यात राक्षसाला मारायचं नसतंच, मारणं बहुधा जमतही नाही. जितकं जास्त कळेल तितकी तुमची सॅनिटी, म्हणजे मनाचा तोल, कमी होत जाते. भुतांच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या मुलींना हे समजावून सांगायची गरज पडली नाही. विहिरीत डोकावू नये, हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, ही सगळी आजीकडून आलेली सॅनिटीच.

मूळ खेळ १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत. आम्ही तो थोडा मागे ओढून पारसिकच्या डोंगरात आणला. तो बोगदा १९१६ साली सुरू झाला, एक किलोमीटरहून लांब. आमच्या गोष्टीत खोदकाम चालू असताना मजुरांना आत दगडात कोरलेलं एक दार लागतं, आणि कंपनीचा साहेब ते उघडू नका म्हणायच्या ऐवजी लवकर उघडा म्हणतो. आमची पात्रं म्हणजे एक सुईण, एक मिशनच्या शाळेतली मास्तरीण, खाडीवरची एक कोळीण, आणि चौथी डीएम, ती साहेबासकट सगळं करायची. कोळीण माझी. तिला भीती वाटायची नाही, पण ओहोटीची वेळ झाली की ती कुठलाही प्रसंग अर्धवट सोडून निघून जायची. भरती-ओहोटी आम्ही कालनिर्णयमधली तिथी बघून काढायचो.

आता फाशांचं. हा खेळ शंभरावर चालतो: तुमचं कौशल्य ६० असेल तर ६० किंवा कमी पडायला हवेत. शंभराच्या आसपासचा आकडा म्हणजे मोठी फजिती. आमच्याकडे पण हौजीच. हौजीत टोकनं ९०! ९१ ते १०० आमच्या जगात नव्हतेच. त्यामुळे अपयश यायचं, पण संपूर्ण नाचक्की कधीच नाही. पुढे नोकरीत पुण्याच्या एका ग्रुपबरोबर खरे फासे घेऊन खेळले तेव्हा पहिल्याच सेशनला ९८ पडला. माझी कोळीण स्वतःच्याच जाळ्यात अडकली. मला इतका राग आला की सांगता येत नाही. असे आकडे असतात हेच मला मान्य नव्हतं.

अर्धवटराव, तुमचा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. पुस्तकात नसलेलं आठवतं, हे खरं. पण सगळ्यांनी मिळून जुळवलं म्हणून ते आठवतं. भावाच्या ग्रुपमध्येही फासे नव्हते, पुस्तकं नव्हती. तरी मला त्यातलं आठवतात ते फक्त पोहे.

निवांत

+१०० (९० च्या वर, मुद्दाम)

कोपरखैरणेकर

फासे-पुस्तकं सोडा, आमच्याकडे जागा नव्हती आणि वेळ नव्हता. अर्धा ग्रुप ठाण्यात, अर्धा कोपरखैरणे-वाशीला. २००४ ला ट्रान्सहार्बरची लोकल सुरू होईपर्यंत सगळा मामला बसवर. शेवटची बस गाठायची म्हणून आमच्या प्रत्येक डंजनला मागचं दार असायचं. डीएम कितीही रंगात आलेला असो, घड्याळ बघून "तेवढ्यात तुम्हाला एक भुयार दिसतं" म्हणायचाच.

सोसायटीचं ऑफिस रविवारी रिकामं असायचं, तिथे बसायचो. एकदा वॉचमनने सेक्रेटरींना वर्दी दिली, पोरं बंद खोलीत फासे टाकतायत, आकडे ओरडतायत. काका तरातरा आले. पैसे नाहीत हे बघून थोडे शांत झाले, मग खुर्ची ओढून बसले. अर्धा तास बघत होते. मध्ये एकदा "डावीकडच्या दाराला आधी कान लावा" असंही म्हणाले. शेवटी विचारलं, "पण जिंकतं कोण?" आम्ही म्हटलं, कोणी नाही. "मग संपतं कधी?" तसं संपत नाही. काका उठले, म्हणाले, "जिंकत कोणी नाही आणि संपतही नाही, तर नऊला लाइट बंद." आणि गेले. नऊची वेळ शेवटपर्यंत टिकली.

अमेरिकेत म्हणे ८० च्या दशकात या खेळावरून सैतानाची भीती घातली होती, संघटना निघाल्या होत्या. आमच्या आयांना सैतानाचं काही नव्हतं. दहावी आहे, एवढंच.

मिनेसोटात_सध्या

मूळचा चेंदणीचा, सध्या मिनियापोलिसजवळ. इथल्या गोष्टी सांगतो, कारण तुमची फाशांची आणि जागेची रडगाणी इथल्या पहिल्या पिढीचीही होती.

सगळे डी अँड डीचं श्रेय गॅरी गायगॅक्सला देतात, पण इथे या जुळ्या शहरांत तसं बोललात तर जुने लोक तुम्हाला थांबवतात. १९६९ मध्ये डेव्हिड वेसलीने इथे ब्राउनश्टाइन नावाचा एक युद्धखेळ मांडला. त्यात सैन्य हलवण्याऐवजी प्रत्येकाला एकेका माणसाची भूमिका दिली. वेसलीला वाटलं खेळ फसला, सगळा गोंधळ झाला. खेळणाऱ्यांना तो गोंधळच हवा होता. त्यांच्यातल्या डेव्ह आर्नेसनने त्यातून ब्लॅकमूर नावाचं जग उभं केलं, तळघरं, राक्षस, पुढच्या वेळी तेच पात्र आणखी ताकदवान. मग ते विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला गायगॅक्सकडे गेलं. त्याच्याकडे चेनमेल या युद्धखेळाचे १९७१ चे नियम होते, आणि मुख्य म्हणजे लिहून काढायची चिकाटी होती. १९७४ ला तीन पुस्तिकांचा डबा निघाला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, डबे घरीच हाताने भरलेले. पुढे श्रेयावरून आर्नेसनने दावा लावला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. या विषयावर इथे अजून दोन तट आहेत आणि दोघेही एकाच टेबलावर खेळतात.

त्या १९७४ च्या नियमांत किती गोष्टी नव्हत्या म्हणून सांगू! लढाईसाठी चेनमेल तुमच्याकडे असेल असं गृहीत. बाकी वाचून अर्थ लावा आणि उरलेलं स्वतः ठरवा. गावोगावी वेगळा खेळ झाला त्याचं कारण हेच. त्यामुळे अर्धवट_जादूगार, तुमची अर्धी तिसरी आवृत्ती त्या परंपरेला धरूनच आहे.

गायगॅक्स २००८ च्या मार्चमध्ये गेला, आर्नेसन पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये. २००९ पासून दर मार्चमध्ये लेक जिनिव्हाला गॅरी कॉन नावाचं संमेलन भरतं. मी जाऊन आलोय. सत्तरी ओलांडलेली माणसं, खिशात झिजलेले फासे, आणि तोंडात "तुझा एल्फ मी वाचवला होता, विसरलास का" असली भांडणं.

थॅको

सुंदर प्रतिसाद. वाखुसा (वाचनखूण साठवली).

आता कोणी पाचव्या आवृत्तीबद्दल असं लिहून दाखवा. तिच्यात सगळं आहे, एक मरण सोडून. आमच्या वेळी पहिल्या लेव्हलचा जादूगार मांजराने ओरबाडला तरी मरायचा.

वीस_पैकी_एक

काका, मरणं हा काही गुण नाही. ट्रॅव्हलरमध्ये म्हणे पात्र तयार होता होताच मरू शकायचं, १९७७ ची कमाल! आमच्या ग्रुपला तीन वर्षं झाली, सगळी पात्रं जिवंत आहेत आणि आम्हाला त्यांची लफडी, त्यांच्या आया, त्यांची कर्जं, सगळं तोंडपाठ आहे. तुम्हाला तुमच्या मेलेल्या जादूगारांची नावं तरी आठवतात का?

थॅको

भोंदूजी पहिला, भोंदूजी दुसरा, भोंदूजी तिसरा.

वीस_पैकी_एक

माघार.

संपादक

आवृत्त्यांची लढाई आधीच्या धाग्यांवर भरपूर झाली आहे. इथे मूळ विषयावर यावे.

अर्धवट_जादूगार

संपादकांचं ऐकून एवढंच म्हणतो: २०२३ च्या जानेवारीत कंपनी ते ओपन लायसन्स बदलू पाहतेय ही बातमी फुटली, तेव्हा मला ज्या आवृत्तीशी देणंघेणं नाही तिच्यासाठीही मी रागावलो होतो. लोकांनी इतकी ओरड केली की त्याच महिन्यात त्यांनी एसआरडी ५.१ (पाचव्या आवृत्तीचे फुकट नियम) क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडून दिला, आता तो परत घेता येत नाही. कुठल्यातरी पोराला कुठल्यातरी गावात अर्धे नियम फुकट मिळत राहतील. एक्सपीचा तक्ता यात आहे, हे त्याचं दुर्दैव.

कळव्याचा_बार्ड

हा धागा मला बायकोने पाठवला. "यातला ड्रॅगन तुमचाच ना?" म्हणून.

अर्धवट्या, हौजीची पिशवी माझ्या आत्याची होती. आणि येऊरचा ड्रॅगन वैतागला-बिगतागला काही नाही. तुमच्या गप्पा चालू असताना मी त्याच्या ढिगातलं एक नाणं उचललं, म्हणून त्याने पंजा मारला. शिवाय पिशवीत दोन टोकनं होती, १ आणि ११. वही मी लिहायचो, तू नाही.

अर्धवट_जादूगार

अरे!!! कुठे आहेस तू? नंबर बदललास का?

आणि टोकन एकच होतं. दोन असती तर फायटरने तलवार खाली ठेवली असती का?

कळव्याचा_बार्ड

फायटर भित्रा होता. अजून आहे, बेलापूरला असतो, विचार त्याला.

गणितमास्तर

दोन टोकनं असतील तर १ निघायची शक्यता अर्धी. गोष्ट तरीही चांगली आहे, पण एका टोकनाची जास्त चांगली.

कळव्याचा_बार्ड

मास्तर, गोष्ट चांगली असणं आणि वहीत काय लिहिलंय यात फरक असतो. आमचा क्लेरिक मात्र मी सोडलेला नाही. त्याची एम-थ्री सुटली, तो आता शिकवतो. एम-थ्रीच.

ऐरोलीची_हडळ

हाहाहा! म्हणजे बिहोल्डरचा डोळा झाला तो.

मंडळी, नुसतं आठवत बसणार आहात की भेटणार? ऐरोलीला माझ्याकडे हॉल आहे, सहा-सात जण मावतील. ठाण्याहून ट्रान्सहार्बर, वाशीकडूनही तीच. पत्ता व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवते. डीएमची तयारी मी करते, पारसिकचा बोगदा अजून पूर्ण खणून झालेला नाही. पोहे ज्याचे त्याने आणायचे.

कोपरखैरणेकर

रविवार नको, मेगाब्लॉक लागला की माझे दोन तास जातात.

थॅको

शनिवार चालेल, पण चौथा. बँकेत आहे, पहिला-तिसरा भरतो. क्थुलू मी खेळलो नाही कधी. वयाच्या मानाने सॅनिटी बरी आहे.

वीस_पैकी_एक

मी येऊ का? सगळ्यांत लहान असेन. शंभरचे फासे आणतो.

ऐरोलीची_हडळ

ये ना. फासे आण, पण ९१ च्या पुढचं आपण तिथे बसून ठरवू.

शंकेखोर

मी कधीच खेळलेलो नाही. बघायला आलो तर चालेल का? कोपऱ्यात बसेन.

ऐरोलीची_हडळ

बघायला नाही, खेळायला या. मिशनच्या शाळेतली मास्तरीण परदेशी गेली, तिची जागा रिकामी आहे.

शंकेखोर

बरं. ती मास्तरीण कोण, कशी, हे सगळं घरून लिहून आणायचं की तिथे?

मालवणी_खाजा

तिथेच. पहिल्या भेटीचा शनिवार त्यातच जातो.